पालकाच्या विनंतीवरून

मी त्यांना माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझ्याकडून तसलं काही ऐकायची वाट बघत कोणी बसू नये. लोक म्हणतात, मॅडम, गरिबाच्या, बिनमायबापाच्या पोरांसाठी शाळा काढली तुम्ही, केवढं मोठं मन. मन बिन काही नाही हो. मला एका माणसाचं उट्टं काढायचं होतं आणि शिकवण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. पैलवान असते तर आखाडा काढला असता.

तो माणूस म्हणजे मी जिथे शिकले त्या शाळेचे मुख्याध्यापक. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. आता निवृत्त झालेत, पण संस्थेचे सचिव आहेत, म्हणजे खुर्ची तेवढी बदलली, खोली तीच. सालेकसा तालुक्यात त्यांचा दबदबा आहे. त्यांच्या शाळेच्या फाटकावर एक निळी पाटी आहे, 'दहावीचा निकाल शंभर टक्के'. मी फ्रॉक घालून त्या फाटकातून जायचे तेव्हाही ती पाटी होती. दरवर्षी फक्त साल पुसून नवीन घालतात.

मी मामाकडे वाढले. बाप आधी गेला, मग आई, आणि सहाव्या वर्षी मामा मला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन आला. मामी दुष्ट नव्हती. पण सगळ्यांचं जेवण आटोपलं की मग मी बसायचे, आणि तोवर भाजीचा रस्सा उरलेला असायचा. शाळेत माझी ओळख एकच, अनाथ. पंधरा ऑगस्टला गोंदियाचा कोणी गिरणीवाला शेठ वह्या वाटायला आला की मोठे सर मला पहिली उभी करायचे. माईकवर सांगायचे, "ही मुलगी अनाथ आहे, तरी आमच्या शाळेनं तिला जवळ केलं." टाळ्या व्हायच्या. मी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून फोटोपुरती थांबायचे आणि मनात म्हणायचे, धरणीमाय, आता तरी पोटात घे. धरणी कसली घेते. पुढच्या पंधरा ऑगस्टला मी पुन्हा तिथेच.

नववीला परीक्षा आली ती मोहाच्या दिवसांत. आमच्याकडे मार्चच्या मध्यापासून मोहफूल गळायला लागतं. पहाटे टोपली घेऊन जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत वेचायचं, घरी आणून अंगणात पसरायचं. मामीकडची सगळी झाडं माझ्या वाट्याला. दोन पेपरांना मी अर्धा तास उशिरा पोचले, एकाला पोचलेच नाही. गणितात नापास, इंग्रजीत नापास.

एप्रिलमध्ये मोठ्या सरांनी मामाला बोलावलं. मामा धुतलेला शर्ट घालून आला. त्या शाळेत मामाला कधी कोणी बस म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी सरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, चहा मागवला. म्हणाले, "पोरीच्या भल्यासाठीच सांगतो." मग टेबलावरून एक कागद सरकवला, शाईचा डबा उघडला आणि बोट ठेवून जागा दाखवली. मामानं अंगठा उठवला. मी दाराशी उभी होते. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाला, "सर लय चांगला मानूस हाय वं. च्या पाजला मले."

तो कागद म्हणजे माझं नाव शाळेतून काढण्याचा अर्ज होता. दुसऱ्या दिवशी शिपायानं माझ्या हातात दाखला ठेवला आणि सांगितलं, सतरा नंबर भर. सतरा नंबर म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. ज्याला कुठली शाळा नाही त्याच्यासाठी. त्या फॉर्मवर बसलेलं पोर नापास झालं तरी ते कोणत्याच शाळेच्या निकालात धरत नाहीत. म्हणून नववीत एखादं कच्चं पोर दिसलं की दहावीच्या आधी त्याला दाखला देऊन मोकळं करायचं, ही मोठ्या सरांची युक्ती. पाटी शंभरची राहते ती अशी. आणि काढायचं कोणाला? ज्याच्यासाठी भांडायला कोणी येणार नाही त्याला.

दाखला मी शिरीषाच्या झाडाखाली बसून वाचला. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचे कारण, 'पालकाच्या विनंतीवरून'. ज्या पोरीला माईकवर दरवर्षी अनाथ म्हणायचे तिला काढताना यांना बरोबर पालक सापडला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी चौदा वर्षांची होते. त्या कागदाची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. मामीनं मला गोंदियाला तिच्या बहिणीकडे धाडलं, तिथे मी विड्या वळल्या. विड्या वळता वळता सतरा नंबर भरला, दुसऱ्या खेपेला पास झाले. बारावी, डीएड, मग नोकरी. नोकरीत वीस वर्षं मी एकच मनसुबा बाळगला, की त्या शाळेच्या रस्त्यावर, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर माझी शाळा उभी करायची आणि त्यांनी काढलेलं एकेक पोर पास करून त्यांच्या नाकावर टिच्चून दाखवायचं. चार मैत्रिणींना धरून संस्था केली. परवानगीसाठी चपला झिजवल्या. सरकारचा पगार नाही, पण वेळापत्रक आमचं, शिकवण्याची पद्धत आमची. धानाचं एक बंद पडलेलं गोदाम भाड्यानं घेतलं. भिंती धुतल्या तरी कोंड्याचा वास गेला नाही, तो आजही येतो.

आठवी ते दहावी, तीनच वर्ग. पोरं सगळी ठेवलेली, म्हणजे मामाकडे, आत्याकडे, आजीकडे, वसतिगृहात, बालगृहात ठेवलेली. ज्याला त्याला कोणीतरी ठेवलेलं. मोहाच्या दिवसांत आमची शाळा अकराला भरते. जुलैत रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दहा दिवस शाळा बंद, कारण रोवण्यात पोर घरी लागतंच, मग गैरहजेरी मांडून उगाच त्याला चोर ठरवायचं कशाला. गणिताचा तास आम्ही बोडीवर घेतो. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. गावातले एक म्हातारे कास्तकार, ज्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधले, ते पोरांना दोरीनं पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, मोजायला शिकवतात, पाणी किती आणि धानाच्या किती बांध्या, म्हणजे वाफे, भिजतील ते काढायला लावतात.

आणि एक नियम मी स्वतः केला. दर शनिवारी प्रत्येक शिक्षक आपल्या वाटच्या एका पोराच्या घरी जेवायला जातो. लोकांना वाटतं आम्ही पालकसंपर्क करतो. माझा हेतू साधा होता. मास्तर जेवायला आला की ठेवलेल्या पोरालाही मास्तरासोबत पहिल्या पंगतीत बसवावं लागतं. आठवड्यातून एकदा का होईना त्याला ताजी, गरम भाजी मिळते.

सुरुवातीला आठवीचाच वर्ग होता. मोठ्या सरांकडून दाखले यायला लागले. प्रत्येक दाखल्यावर तेच, पालकाच्या विनंतीवरून. मी प्रत्येकाची झेरॉक्स काढून, पोराच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून, माझ्या खोलीच्या भिंतीवर लावत गेले. पहिला माझाच. कोणी विचारलं तर म्हणायचे, हा माझा देव्हारा आहे.

दुसऱ्या वर्षी नववी सुरू झाली आणि एक पोरगी आली. आत्याकडे राहायची. आई नव्हती, बाप विटभट्टीवर गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. मोठ्या सरांच्या शाळेत ती नववीत नापास झाली होती. दाखला तिनं चार घड्या घालून आणला होता. मी तिला पुन्हा नववीत बसवलं आणि तिचा शनिवार माझ्याकडे घेतला. ती पोरगी बोडीवर उभी राहून नुसत्या नजरेनं सांगायची, "मॅडम, याच्यात सात बांध्या होतीन." मोजलं तर सातच. पण तेच कागदावर घातलं की तिचा हात बधिर व्हायचा. आकडे उलटेसुलटे, पायऱ्या गायब.

त्याच वर्षी तालुक्याच्या मुख्याध्यापकांची एक बैठक झाली. मोठे सर सचिव म्हणून आलेले. कोणीतरी आमच्या शाळेचं कौतुक केलं. मोठे सर हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंचं काम सोपं आहे. धान आम्ही ठेवतो, कोंडा त्या गोळा करतात. पुढच्या साली त्यांची पहिली दहावी आहे. बघू की कोंड्याचा भात कसा शिजतो." सगळे हसले. मी समोरच्या बशीतला पेढा खाल्ला.

बाहेर येऊन मी मोटारसायकलला किक मारली ती तीनदा फसली. मी ठरवलं, पहिल्या दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा. एक टक्का कमी नाही. आणि पाटी लावायची ती त्यांच्याहून मोठी, त्यांच्याच रस्त्यावर तोंड करून. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी. रंग कुठला, अक्षर केवढं, सगळं ठरलेलं.

एप्रिलमध्ये नववीचा निकाल लागला. तेरा पोरं होती. बारा सुटली. ही पोरगी गणितात पडली, ऐंशीपैकी तेरा. आमचे गणिताचे सर गोंदियाचे, तरुण, त्यांची मराठी दोन वाक्यांनंतर हिंदीत जाते. ते पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, मेहनत खूप केली मी, पण बोर्ड में ये नहीं निकलेगी. सच बोल रहा हूँ." मी त्यांना म्हटलं, बघते.

काय बघायचं ते मला तेव्हाच माहीत होतं. ती दहावीला बसली तर माझी शंभरची पाटी गेली. नववीत तिसऱ्यांदा बसवावं तर आत्या तिला शाळेतच ठेवणार नाही. राहता राहिला सतरा नंबर. मी स्वतःला समजावलं की यात तिचंच भलं आहे. सावकाश बसेल, ताण नाही, आपण बाहेरून शिकवूच, नाव फक्त पटावर नसेल. किती सुंदर समजावलं मी मला. दाखल्याचं पुस्तक काढलं, पेन घेतलं आणि भरत गेले. जन्मतारीख, वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचे कारण. पेन थांबलंसुद्धा नाही. शेरा आणि सही तेवढी बाकी ठेवली. मग आत्याच्या नावानं अर्जही मीच लिहिला, अक्षर नीट काढून, आणि दोन्ही कागद पिशवीत घातले.

शनिवार होता. तेंदूपत्त्याचे दिवस. आत्या सकाळी पानं तोडून आली होती, ओसरीवर पुडे बांधायला घेतले होते. मला बघून हात धुतले, भात टाकला, वांग्याची भाजी केली. पोरगी माझ्या बाजूला पाटावर बसली. आम्ही जेवलो. आत्यानं मला दोनदा भाजी वाढली आणि माझ्याकडे बघत तिलाही वाढली. जेवण झाल्यावर मी पिशवीतून अर्ज काढला.

"हिच्या भल्यासाठीच आहे," मी म्हटलं.

आत्यानं कागदाकडे बघितलंही नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "कोठी लावू अंगठा? तुमी सांगान तिथी लावतो."

कायले, काऊन, एक शब्द विचारला नाही तिनं. तिच्या घरी मास्तरीण जेवली होती, एवढं तिला पुरेसं होतं. मी शाईचा डबा उघडला. तेवढ्यात पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. पिशवीतून दाखला अर्धा बाहेर आला होता. तिनं तो वाचला. तांब्या खाली ठेवला, अगदी हळू, पाणी न सांडता.

"मॅडम, मागल्या साली मोठ्या सरानं बी असाच कागद आणला होता," ती म्हणाली. "आत्यानं अंगठा देल्ला होता. तवा मी तुमच्या शाळेत आली."

"हो," मी म्हटलं.

"मंग आता मी कोठी जाऊ? तुमच्या पुढं कोणाची शाळा हाय?"

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला समजावलं असतं, मला समजावता चांगलं येतं. ती खरंच विचारत होती. पुढची शाळा कुठे आहे, बस लागेल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मी दाखल्याकडे बघितलं. माझं वळणदार अक्षर, पालकाच्या विनंतीवरून. ज्या एका ओळीवर मी एवढी वर्षं दातओठ खाल्ले ती ओळ मी न थांबता लिहिली होती. आत्या अंगठा पुढे करून बसली होती.

मी शाईच्या डब्याचं झाकण लावलं. म्हटलं, "कागद चुकीचा आणला मी." आत्या म्हणाली, "मंग सोमवारी आणजा." मी म्हटलं, "नाही लागत आता." पोरगी खरकटी ताटं उचलून मागे गेली. मोटारसायकलवर परत येताना मला मोठ्या सरांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता. स्वतःचाही आला, पण त्यांचा जास्त. त्यांनी ती ओळ माझ्या हातात कधी घालून ठेवली ते मला कळलंच नव्हतं.

सोमवारी मी तिला दहावीत घेतलं. गणिताच्या सरांनी डोक्याला हात लावला. मी म्हटलं, "सर, ही आपलीच आहे, आता पडली तरी आपल्या अंगणात पडेल." ते बिचारे कामाला लागले. बोडीवरून आणलेलं माप कागदावर कसं उतरवायचं, रोज एक पायरी. तिला एक पायरी यायला आठवडा लागायचा, पण आलेली पायरी जायची नाही.

मार्चमध्ये परीक्षा आली, आणि केंद्र कुठे तर मोठ्या सरांच्याच शाळेत. मोह गळायला नुकताच लागला होता. पेपर अकराला, आणि घरच्यांना वेचणारे हात हवेत. आम्ही शिक्षकांनी मग एकच केलं. पेपरच्या दिवशी पहाटे आम्हीच टोपल्या घेऊन त्या पोरांच्या झाडांखाली गेलो. इंग्रजीच्या बाई नागपूरच्या, त्यांनी जन्मात मोह वेचला नव्हता, फुलांसकट पाचोळा भरला. गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, बीएड में ये नहीं सिखाया." आत्या आम्हाला बघून तोंडाला पदर लावून हसत होती. पण पोरं झोपून, अंघोळ करून, वेळेवर गेली. मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं. निळ्या पाटीखालून माझी तेरा पोरं आत गेली तेव्हा मोठे सर व्हरांड्यात उभे होते. मी त्यांना नमस्कार केला नाही.

निकाल लागला. बारा पास. ही पोरगी गणितात चार मार्कांनी गेली.

मला खोटं लिहायचं नाही. पहिल्या घटकेला मला तिचं वाईट वाटलंच नाही, मला पाटी गेल्याचं वाईट वाटलं. मग ती आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मायाच्यानं गेली ना तुमची पाटी." या पोरांना सगळं ठाऊक असतं, आपण कितीही लपवलं तरी. मी म्हटलं, "पाटी लावायची आहे. तुझं अक्षर चांगलं आहे. रंग आण."

गोदामाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर तिनं दोन दिवस खपून लिहिलं, हातभर उंचीची अक्षरं. 'दहावीला बसले तेरा. पास बारा. एक नापास, ती आमचीच आहे आणि जुलैला पुन्हा बसणार आहे. दहावीच्या आधी दाखला दिलेले, एकही नाही.' शेवटचं वाक्य माझं. ते मी मुद्दाम लाल रंगात लिहून घेतलं. 'आमचीच' हा शब्द तिनं दुसऱ्यांदा रंगवला, पहिल्यांदा फिका आला म्हणून.

गावात हसले लोक. नापासाची पाटी लावणारी शाळा कोणी पाहिली नव्हती. पण आठ दिवसांत त्या लाल ओळीनं तिचं काम केलं. बाजाराच्या दिवशी लोक भिंतीसमोर गाडी थांबवून वाचायचे आणि पुढे मोठ्या सरांच्या फाटकापाशी जाऊन विचारायचे, तुमचे किती बसले आणि नववीतून किती काढले? चहाच्या टपरीवर पोरं विचारायची. शेवटी मोठे सर स्वतः आले.

मी त्यांना खुर्ची ओढून दिली. चहा मागवला. ते म्हणाले, "बाई, हे शोभत नाही. तालुक्याचं नाव खराब होतं. ती खालची ओळ तेवढी पुसा."

मी भिंतीवरून माझ्या दाखल्याची झेरॉक्स काढली आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली. बोट ठेवून जागा दाखवली. "सर, यात विनंती करणारा पालक कोण, तेवढं सांगा. लगेच पुसते."

त्यांनी चष्मा लावला. स्वतःची सही ओळखली असावी. "मामा होते ना तुमचे. अर्जावर अंगठा आहे त्यांचा."

"मामाला वाचता येत नव्हतं. तुम्ही वाचून दाखवलं?"

"अहो, सगळीकडे असंच लिहितात. त्यात काय एवढं."

"लिहितात," मी म्हटलं. "मीही लिहिलं होतं. म्हणूनच विचारते."

त्यांनी कागद पालथा घातला आणि ते उठले. चहा तसाच राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तो चहा मीच प्यायले.

जुलैत रोवण्याचे दिवस होते. पोरगी सकाळी चिखलात आणि दुपारी आमच्या गोदामात. फेरपरीक्षेचा निकाल लागला तेव्हा ती बांधीतच होती. गणिताच्या सरांनी बांधावरून ओरडून सांगितलं, पास झाली, शंभरपैकी एक्केचाळीस आले. तिनं हातातली रोपं आधी नीट खोचली, मग वर आली.

अकरावीसाठी दाखला न्यायला ती आत्याला घेऊन आली. मी पुस्तक उघडलं. शाळा सोडण्याचे कारण या रकान्याशी थांबले आणि तिला विचारलं, "काय लिहू?" ती म्हणाली, "जे हाय तेच लिवा." मी लिहिलं, दहावी उत्तीर्ण. आत्याला पूर्ण दाखला वाचून दाखवला, जन्मतारखेपासून सहीपर्यंत. वाचून झाल्यावर आत्या म्हणाली, "अंगठा नाई लागत?" मी म्हटलं, नाही लागत.

त्या दाखल्याची मी झेरॉक्स काढली. नावावर पांढरी पट्टी लावली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी याच पोरीला दिलेल्या दाखल्याची झेरॉक्स या झेरॉक्सला टाचली आणि रजिस्टर पोस्टानं मोठ्या सरांना पाठवली. पोचपावतीवर त्यांची सही आली. दरवर्षी पाठवते आता, जेवढी पोरं निघतात तेवढी पाकिटं. त्यांची निळी पाटी अजून शंभरचीच आहे, पण पाकिटं त्यांना सही करून घ्यावी लागतात.

पोचपावत्या मी भिंतीवर लावते, ज्याच्या त्याच्या दाखल्याखाली. भिंत जवळजवळ भरत आली आहे. अगदी मधोमध एक दाखला आहे, शेरा आणि सही नसलेला, अर्धवट. त्याच्यावरही तेच कारण आहे, पालकाच्या विनंतीवरून, पण अक्षर वेगळं आहे, वळणदार. नवीन आलेली पोरं बरोबर तिथेच थांबतात आणि विचारतात, मॅडम, हे कोणी लिवलं?

मी सांगते, मी.